नात्याचे पुरावे तपासून देणारी सेवा: मेलबर्नमधील एका मायग्रेशन एजंटच्या कामाचे परीक्षण

ऑस्ट्रेलियाच्या पार्टनर व्हिसासाठी जोडीदाराशी असलेले नाते खरे आहे हे दाखवणारी कागदपत्रे अर्जदारांनी स्वतः जमवायची, अर्जही स्वतःच भरायचा, आणि नोंदणीकृत एजंटने फक्त ती कागदपत्रे तपासून उणिवा दाखवून द्यायच्या, अशी एक मर्यादित सेवा येथील काही एजंट देतात. संपूर्ण अर्ज एजंटच्या हाती सोपवला तर जे शुल्क पडते, त्याच्या साधारण चौथ्या हिश्शात हे काम होते. मी ऑस्ट्रेलियाची कायम रहिवासी आहे, माझे पती लग्नाच्या वेळी कोल्हापुरात नोकरी करत होते, आणि २०२४ मध्ये आम्ही ३०९ (तात्पुरता) व १०० (कायमचा) या व्हिसा उपवर्गांचा एकत्रित अर्ज केला तेव्हा ही सेवा घेतली. कार्यालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत, आणि ठरवून झालेल्या लग्नातील जोडप्यांना एका कार्यालयाची जाहिरात किंवा बदनामी यापेक्षा अशा सेवेतून काय पदरात पडते हे कळणे अधिक उपयोगाचे आहे, असे मला वाटते.

सेवेचे मोल ठरवण्याआधी कायदा काय विचारतो ते माहीत असायला हवे. १९९४ च्या स्थलांतर नियमावलीतील नियम १.१५अ अधिकाऱ्याला विवाहित जोडप्याच्या नात्याकडे चार बाजूंनी पाहायला सांगतो: आर्थिक व्यवहार, घरसंसार, समाजातील स्थान आणि एकमेकांविषयीची बांधिलकी. आर्थिक बाजूत संयुक्त मालमत्ता, संयुक्त कर्जे, पैसे एकत्र करणे आणि रोजच्या खर्चाची वाटणी येते. घरसंसारात राहण्याची व्यवस्था, मुलांची जबाबदारी आणि घरकामाची विभागणी. सामाजिक बाजूत तुम्ही चारचौघांत पतिपत्नी म्हणून वावरता का, मित्र आणि ओळखीचे लोक काय म्हणतात, आणि बांधिलकीत नात्याचा कालावधी, एकमेकांचा आधार व पुढचा विचार. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांसाठी जवळपास हीच मोजपट्टी नियम १.०९अ मध्ये आहे. यादी वाचताना ती साधी वाटते, पण तिच्यामागे एक गृहीत धरलेले जोडपे दिसते: आधी ओळख, मग फिरणे, मग एका भाड्याच्या घरात राहणे, विजेचे बिल दोघांच्या नावावर येणे आणि सरतेशेवटी लग्न. आमच्याकडे हा क्रम उलटा होता. आधी बायोडाटा आला, मग दोन्ही घरांच्या भेटी झाल्या, मग साखरपुडा आणि लग्न, आणि त्यानंतर रजा संपल्यामुळे मी मेलबर्नला परतले. दोघांच्या नावावरचे विजेचे बिल यायचे तर आधी घर एक हवे, आणि घर एक व्हायचे तर व्हिसा हवा.

या पेचातून वाट दाखवणे हे त्या कार्यालयाचे सर्वांत चांगले काम ठरले. मुख्य एजंट बाई मराठी नव्हत्या, भारतीयही नव्हत्या, पण पहिल्याच व्हिडिओ भेटीत त्यांनी १९५८ च्या स्थलांतर कायद्यातील कलम ५फ उघडून दाखवले. पतिपत्नी एकत्र राहतात, किंवा कायमस्वरूपी विभक्त राहत नाहीत, असे दोन पर्याय त्यात आहेत, आणि आमची सारी बाजू या दुसऱ्या पर्यायावर उभी राहणार होती. एकत्र राहत नाही ही गोष्ट झाकण्याची नव्हे तर कारणांसह मांडण्याची आहे, हे ऐकल्यावर पुढची दिशा स्पष्ट झाली. माझ्या ओळखीतली काही जोडपी याच ठिकाणी अडखळतात आणि सुट्टीतल्या मुक्कामाला संसार म्हणून रंगवायला जातात. बाईंचे म्हणणे असे की सासरच्या घरी केलेला प्रत्येक मुक्काम तारखेसह लिहावा, त्या घरात कोणती खोली होती, स्वयंपाक कोण करत असे, बाजारहाट कोणाकडे होता हे सरळ सांगावे, आणि उरलेल्या काळात दोघे दोन देशांत का होते ते नोकरीची पत्रे जोडून दाखवावे. त्यासाठी एकाच पीएनआरवर दोघांची नावे असलेली रेल्वेची तिकिटे, गणपतीपुळ्याच्या हॉटेलचे दोघांच्या नावाचे आरक्षण आणि विमानतळावरचे पासपोर्टचे शिक्के एवढा ऐवज पुरेसा ठरला.

सामाजिक बाजूविषयी त्यांनी विचारलेला एक प्रश्न मला फार मोलाचा वाटला. तुम्ही भारतात नसता तेव्हा तुमच्या दोन घरांमध्ये कोण कोणाकडे जाते, असे त्यांनी विचारले. आम्ही लग्नाचे फोटो, केळवणाचे फोटो, निमंत्रणपत्रिका असा ढीग घेऊन बसलो होतो, आणि हा प्रश्न येईपर्यंत लग्नानंतरचे काही दाखवण्यासारखे आहे हे आमच्या ध्यानातही नव्हते. आमचे लग्न २०२३ च्या सुरुवातीला झाले आणि त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये अधिक श्रावण आला. माझ्या आईने साताऱ्याला जावयाला बोलावून अनारशांचे वाण दिले, पतीच्या आईवडिलांनाही जेवायला बोलावले, आणि मी मेलबर्नहून व्हिडिओ कॉलवर तो सोहळा पाहिला. लेक परदेशात असतानाही जावयाचा मान राखला जातो आणि दोन्ही कुटुंबे एका पंगतीला बसतात, याहून ठळक सामाजिक मान्यता कोणती असणार? त्या फोटोंखाली अधिक मास म्हणजे काय, तो साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो आणि त्यात जावयाला वाण का देतात, हे तीन ओळींत लिहायला बाईंनी सांगितले. पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी कुरिअरने पाठवलेले हलव्याचे दागिने, त्याची पावती आणि ते घालून मेलबर्नच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेल्याचा फोटो हेही तसेच गेले.

फोटोंच्या बाबतीत मात्र कात्री कडक होती. छायाचित्रकाराने दिलेला अल्बम शेकडो फोटोंचा होता, त्यातले मोजकेच ठेवायला सांगितले, आणि ज्यात दोन्हीकडची माणसे एकत्र आहेत त्यांना प्राधान्य दिले. अंतरपाट धरलेला फोटो आम्हाला सर्वांत सुंदर वाटत होता; कॅनबेराच्या किंवा दिल्लीच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याला मात्र पडद्याच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना न पाहणारे वधूवर दिसतील, अशी त्यांची शंका होती. तो आम्ही तरीही ठेवला. प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण आणि माणसांशी असलेले नाते लिहिण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण नावे नसलेल्या गर्दीच्या फोटोतून अनोळखी माणसाला काहीच कळत नाही.

आर्थिक बाजूत त्या कार्यालयाच्या कामाची पहिली फट दिसली. आमची फाइल ज्या कनिष्ठ सहकाऱ्याकडे होती त्यांनी लगेच संयुक्त खाते उघडा आणि दर आठवड्याला त्यात थोडे पैसे टाका व काढा, असा सल्ला ईमेलने दिला. अर्ज महिन्यावर आला असताना उघडलेले आणि केवळ व्यवहार दिसावेत म्हणून फिरवलेले खाते काय सिद्ध करणार, हे मला कळेना. पुरावा जमवणे वेगळे आणि पुरावा बनवणे वेगळे. शिवाय खोटा दस्तऐवज किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचे ठरले तर सार्वजनिक हिताच्या निकष ४०२० खाली अर्ज नाकारला जातो आणि पुढे तीन वर्षे बहुतेक व्हिसांची दारे बंद होऊ शकतात, हे त्यांच्याच माहितीपत्रकात छापले होते. खाते उघडणे हा गुन्हा नाही, पण बनाव करण्याची सवय अशा सल्ल्यापासूनच लागते. मी मुख्य एजंट बाईंना लिहिले तेव्हा त्यांनी तो सल्ला मागे घेतला आणि तुमच्या आयुष्यात आधीपासून काय आहे ते शोधा, असे उत्तर दिले.

शोधल्यावर बरेच निघाले. माझ्या सुपरअॅन्युएशन, म्हणजे येथील निवृत्ती निधीत लग्नानंतर मी पतीचे नाव बंधनकारक लाभार्थी म्हणून दोन साक्षीदारांच्या सहीने नोंदवले होते. पतींनी भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशनमध्ये माझे नाव घातले होते. मी पाठवलेले पैसे, त्यांतून सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे भरलेले बिल, आमच्या दोघांच्या तिकिटांचा त्यांच्या कार्डावरचा खर्च, असे व्यवहार दोन्ही बँकांच्या उताऱ्यांत होतेच, फक्त ते पिवळ्या रंगाने ठळक करून समोरासमोर मांडायचे होते. माझे भारतातील एक एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे रुपयांतले खाते पतींबरोबर संयुक्त होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अनिवासी व्यक्तीला निवासी नातेवाइकाबरोबर असे खाते ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीनेच ठेवता येते, म्हणजे पहिला खातेदार हयात असताना दुसऱ्याला केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे व्यवहार करता येतात. उताऱ्यात पतींचे व्यवहार का नाहीत याचा खुलासा दोन वाक्यांत जोडावा, नाहीतर खाते नावापुरते आहे असा समज होईल, ही सूचना बाईंनी केली. भारतातील बँकेचा हा बारकावा त्यांना आधी ठाऊक नव्हता, पण विसंगती त्यांच्या नजरेने टिपली, आणि अशा तपासणीसाठीच मी पैसे मोजले होते.

चॅटच्या प्रकरणात त्यांच्या सल्ल्याने पैसेही वाचले. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाबरोबर भाषांतर द्यावे लागते, आणि रोमन लिपीत टंकलेले मराठी हे इंग्रजी नव्हे. आमची व्हॉट्सॲपवरची सगळी बोलणी ‘kay kartoys’ छापाची असती तरी भाषांतराच्या दृष्टीने ती देवनागरीतल्या मराठीइतकीच परकी ठरली असती. ऑस्ट्रेलियात केलेले भाषांतर ‘नाटी’ या भाषांतरकारांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या भाषांतरकाराचेच लागते, देशाबाहेर केलेल्या भाषांतराला ती अट नाही, मात्र भाषांतरकाराचे पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी आणि त्या भाषेतील पात्रता व अनुभव इंग्रजीत नोंदवलेले असावे लागतात. त्यामुळे पुण्यातील भाषांतरकाराकडून निवडक पाने करून घेणे आम्हाला परवडले. निवड करतानाही नियम साधा होता: प्रत्येक महिन्यातील थोडे, आणि गोड बोलण्यापेक्षा कामाचे बोलणे अधिक. गॅसचा सिलिंडर, सासऱ्यांची तपासणी, माझ्या घराचे वाढलेले भाडे, कोणाच्या लग्नाला काय आहेर करायचा, असले संवाद पाहून बाई खूश झाल्या. कॉलच्या नोंदींना भाषांतर लागत नाही, म्हणून त्या सलग दिल्या.

आता मुख्य तक्रार. दोघांनी आपल्या नात्याचा इतिहास स्वतंत्र निवेदनांत लिहायचा असतो, आणि त्यासाठी या कार्यालयाने एक तयार नमुना पाठवला. त्यात पहिला मथळा ‘आमचे डेटिंग कसे सुरू झाले’ असा होता, दुसरा ‘एकत्र राहायला लागल्याचा दिवस’, आणि मधूनमधून रिकाम्या जागा सोडलेली भावनाप्रधान वाक्ये होती. ठरवून झालेल्या लग्नासाठी त्यातला एकही मथळा उपयोगाचा नव्हता. त्याहून वाईट म्हणजे नमुना दोघांनाही तोच पाठवला होता, म्हणजे भरून दिल्यावर पतिपत्नींची निवेदने शब्दशः सारखी दिसली असती, आणि त्याच कार्यालयातून आलेल्या इतर जोडप्यांचीही. स्वतंत्र निवेदनात तपशील जुळावेत पण सांगण्याची तऱ्हा ज्याची त्याची असावी, एवढी गोष्ट व्यवसायात मुरलेल्या लोकांना सांगावी लागू नये. मी नमुना बाजूला ठेवला आणि आम्ही दोघांनी वेगवेगळे बसून लिहिले: स्थळ कोणी सुचवले, पत्रिका पाहिली की नाही, पहिल्या भेटीत घरची मंडळी उठून गेल्यावर आम्ही काय बोललो, परदेशी जाण्याच्या प्रश्नावर कोणाचा काय आक्षेप होता आणि तो कसा मिटला. पतींनी लिहिलेल्या निवेदनात त्यांच्या आईचा विरोध तपशीलवार आला होता, माझ्यात तो एका ओळीत होता. बाईंनी दोन्ही वाचून तो फरक तसाच ठेवायला सांगितला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण नमुना अजूनही ग्राहकांना जातो आहे असे दिसते, आणि निमूटपणे तो भरून देणारे लोक असणारच.

साक्षीदारांचे ८८८ क्रमांकाचे फॉर्म तपासण्याचे काम त्यांनी नेटके केले. किमान दोन प्रौढ साक्षीदार लागतात आणि नाते खरे व चालू आहे असे त्यांना का वाटते हे त्यांनी सांगायचे असते. आमच्या एका साक्षीदाराने पहिल्या खेपेला ‘दोघेही अत्यंत सुस्वभावी आहेत’ असे प्रशस्तिपत्रच लिहून पाठवले होते. ते परत आले आणि त्या जागी लग्नाला कोल्हापुरात स्वतः हजर असल्याचे, पतींशी नंतर फोनवर काय बोलणे होते याचे आणि माझ्या मेलबर्नच्या घरी त्यांचा आवाज रोज कानावर पडतो याचे साधे वर्णन आले. विवाह नोंदणीचा दाखला आमच्याकडे महानगरपालिकेचा, म्हणजे विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी यासंबंधीच्या १९९८ च्या महाराष्ट्र अधिनियमाखालचा होता, आणि तो मराठीबरोबर इंग्रजीतही असल्याने भाषांतराची गरज पडली नाही. माझ्या पासपोर्टवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव तसेच आहे, त्याचा खुलासा मात्र अर्जात द्यावा लागला. व्हिसा अर्जाच्या पोर्टलवर प्रत्येक फाइल पाच मेगाबाइटच्या आत बसवण्याचे आणि फाइलींना समजतील अशी नावे देण्याचे काम कोणीही स्वतः करू शकतो. त्यासाठी कार्यालयाने वेगळे शुल्क सुचवले होते, ते मी दिले नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने सेवा मध्यम म्हणावी लागेल. काम सुरू होण्याआधी लेखी करार झाला, शुल्काचे आकडे स्पष्ट होते, आणि एजंटचा सात आकडी नोंदणी क्रमांक प्रत्येक पत्रावर होता. तो क्रमांक नोंदणी प्राधिकरणाच्या सार्वजनिक यादीत कोणालाही ताडून पाहता येतो, आणि ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत एजंट, वकील व कायद्याने सूट दिलेल्या काही व्यक्ती सोडून इतरांना असा सल्ला देता येत नाही, हे गावाकडच्या ‘व्हिसा करून देतो’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे जाण्याआधी लक्षात घ्यावे. उत्तरे मात्र उशिरा येत, मध्येच सहकारी बदलला तेव्हा पतींच्या नोकरीचा सगळा तपशील पुन्हा सांगावा लागला, आणि दुसऱ्या तपासणीचे शुल्क पहिल्यात धरलेले नाही ही ओळ करारात होती खरी, पण बोलण्यात कोणी ती काढली नाही.

तरीही पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. अर्जाचे सरकारी शुल्क आज नऊ हजार डॉलरच्या वर आहे, ते दोन्ही टप्प्यांसाठी एकदाच भरायचे असते आणि अर्ज नाकारला गेला म्हणून ते परत मिळत नाही. नकाराविरुद्ध १४ ऑक्टोबर २०२४ पासून कामाला लागलेल्या प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणाकडे जाता येते, पण तिथला वेळ आणि खर्च निराळा. या रकमेपुढे तपासणीचे शुल्क लहान आहे. जी जोडपी मेलबर्नमध्येच दीर्घकाळ एका घरात राहत आहेत, ज्यांचा भाडेकरार, बिले आणि खाती दोघांच्या नावावर आहेत आणि ज्यांच्या प्रकरणात जुने नकार किंवा आधीचे विवाह नाहीत, त्यांना या सेवेची गरज मला दिसत नाही. आधीचा घटस्फोट, जुना नाकारलेला व्हिसा किंवा आधी दुसऱ्या जोडीदाराचे प्रायोजकत्व केलेले असणे, यांपैकी काही असेल तर मर्यादित तपासणीवर न थांबता संपूर्ण अर्ज चांगल्या एजंटकडे किंवा वकिलाकडे द्यावा. आमच्यासारख्या मधल्या लोकांसाठी, म्हणजे ठरवून लग्न झालेल्या, दोन देशांत राहणाऱ्या, पण बाकी काही गुंतागुंत नसलेल्या जोडप्यांसाठी ती योग्य आहे, मात्र मुख्य एजंट स्वतः फाइल वाचतील हे करारात लिहून घ्यावे आणि निवेदनाचा नमुना आला तर तो वापरू नये.

पती आता येथे आले आहेत आणि १०० उपवर्गाचा टप्पा बाकी आहे. सर्वसाधारणपणे पहिल्या अर्जाला दोन वर्षे झाली की त्यासाठी नव्याने पुरावे मागवले जातात, आणि भाडेकरारावर दुसरे नाव घालणे, विमा व निधीतील नामनिर्देशने ताजी ठेवणे यांची आठवण करून देणारा ईमेल हे कार्यालय अधूनमधून विनामूल्य पाठवते. दुसऱ्या टप्प्याच्या तपासणीचे शुल्क वेगळे आहे, आणि या वेळी घरभाडे, किराणा व विजेचे बिल खरोखरच दोघांच्या नावावर येत असल्यामुळे तो टप्पा आम्ही स्वतःच करणार आहोत.